पायसभंजक द्रव्ये : खनिज तेल आणि पाणी यांच्या विलगीकरणाची मीमांसा

भूगर्भातून वर येणारे खनिज तेल हे निर्भेळ तेल असते, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. तेलाच्या खडकात तेलाबरोबर खारे पाणी असते आणि विहीर जसजशी जुनी होत जाते तसतसा वर येणाऱ्या द्रवातील पाण्याचा भाग वाढत जातो. हे पाणी तेलाखाली निमूटपणे साचून राहिले असते, तर ते काढून टाकण्यासाठी वेगळ्या शास्त्राची गरज पडली नसती. परंतु ते असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तेलात विखुरलेले असते व कित्येकदा महिनोन् महिने तसेच टिकून राहते. अशा मिश्रणास मराठी शास्त्रीय परिभाषेत 'पायस' म्हणतात. ते मोडण्यासाठी जी रासायनिक द्रव्ये तेलात अत्यल्प प्रमाणात मिसळतात त्यांचे कार्य कसे चालते, आणि त्या कार्याविषयी बोलताना भाषेची कोणती सावधगिरी राखावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नंदुरबारसारख्या ठिकाणी या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. जुलै १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तेलाचे उत्पादन होत नाही. तथापि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे भरूचजवळ समुद्राकडे वळते, आणि तेथे तिच्या दक्षिणेस, नंदुरबारपासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरांवर, अंकलेश्वरचे तेलक्षेत्र आहे. नंदुरबारकरांच्या पायाखाली जो काळा पाषाण उघडा दिसतो, तोच पश्चिमेकडे खंबातच्या खोऱ्यात खोल खचून गेला आहे. त्याच्यावर पुढे जे गाळाचे थर साचले त्यांत हे तेल सापडते. म्हणजे एकाच अग्निजन्य खडकाच्या एका अंगास शेती आणि दुसऱ्या अंगास तेल अशी ही मांडणी आहे. रसायनशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यास सुरत-भुसावळ लोहमार्गाने काही तासांत या औद्योगिक पट्ट्यात जाता येते, त्याच्या दृष्टीने हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

दूध, लोणी आणि खनिज तेल

'पायस' हा शब्द संस्कृत 'पयस्' या शब्दापासून आला. 'पयस्' म्हणजे दूध; आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाणी. व्यवहारात पायस म्हणजे दुधातील खीर. इंग्रजीतील 'इमल्शन' या शब्दाचे मूळही दूध काढणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. दोन्ही परंपरांनी या पदार्थाचे नामकरण दुधावरून करावे हा योगायोग नव्हे. एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एक दुसऱ्यात थेंबरूपाने टिकून राहतो, याचे मानवाला सर्वांत परिचित उदाहरण दूधच होय.

परंतु दुधाच्या या उपमेत एक धोका आहे. दुधात स्निग्धांशाचे गोलक पाण्यात विखुरलेले असतात, तर तेलविहिरीतून येणाऱ्या पायसात बहुधा याच्या नेमके उलट असते. तेथे पाण्याचे थेंब तेलात विखुरलेले असतात. त्याचे घरगुती उदाहरण दूध नसून लोणी हे आहे. लोण्यात सुमारे सहाव्या हिश्शाइतके पाणी असते आणि ते स्निग्ध पदार्थाने सर्व बाजूंनी वेढलेले असते. दही रवीने घुसळताना ज्या क्षणी लोणी येते, त्या क्षणी जे बाहेर होते ते आत आणि जे आत होते ते बाहेर होते. 'पाण्यातले तेल' आणि 'तेलातले पाणी' या दोन पदबंधांत नामे तीच आहेत. फक्त सप्तमीचा अर्थ देणारा प्रत्यय जागा बदलतो. मात्र तेवढ्याने पदार्थ बदलतो, त्याची श्यानता, विद्युद्वाहकता आणि त्यावर चालणारा उपायही बदलतो.

लोणी कढवून तूप करणे ही पाणी व स्निग्धांश वेगळे करण्याची जुनी क्रिया होय. तीत उष्णतेने पाणी उडून जाते आणि थेंबांभोवतीच्या पटलातील प्रथिने करपून बेरीच्या रूपाने तळाशी बसतात. तेलक्षेत्रात मात्र पाणी वाफ करून उडवणे परवडण्यासारखे नाही. तेथे पाण्याचे प्रमाण प्रचंड असते आणि पाणी उडाले तरी त्यातील मीठ तेलात मागे राहते. म्हणून पाणी द्रवरूपातच, मिठासह, खाली उतरून आले पाहिजे.

पाणी का नको?

तेलातील पाणी काढण्याचा खटाटोप केवळ शुद्धतेच्या हौसेपायी केला जात नाही. त्याची कारणे रोकडी आहेत. पाणी नळातून वाहून नेणे म्हणजे निरुपयोगी मालाचे भाडे भरणे होय. पाण्याची विशिष्ट उष्णता तेलाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने पाणीदार तेल तापवण्यास इंधन अधिक लागते. पायसाची श्यानता मूळ तेलाच्या कित्येक पट होऊ शकते. त्यामुळे पंपांवर भार पडतो. याखेरीज मिठाचे संकट सर्वांत मोठे आहे. भूगर्भातील पाण्यात सोडियमबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराइडे असतात. शुद्धीकरण कारखान्यात ऊर्ध्वपातनापूर्वी तेल तापवले जाते, तेव्हा विशेषतः मॅग्नेशियम क्लोराइडाचे जलविच्छेदन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते मनोऱ्याच्या माथ्याशी, जेथे वाफ थंड होऊन पाणी बनते तेथे, पोलादास खाऊ लागते. तेल विकणारा व घेणारा यांच्या करारांत पाणी व गाळ यांची मर्यादा सामान्यतः शेकडा अर्धा ते एक इतकी कडक का असते, हे यावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्राच्या संदर्भात या गोष्टीस प्रत्यक्ष महत्त्व आहे. अंकलेश्वरचे तेल १९६० मध्ये सापडले. १९६५ मध्ये बडोद्याजवळील कोयली येथील शुद्धीकरण कारखाना सुरू होण्यापूर्वी, १९६१ पासून, ते रेल्वेने मुंबईच्या ट्रॉम्बे येथील कारखान्यांकडे जात असे. पुढे १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, समुद्रात, 'सागर सम्राट' या वेधनजहाजाने बॉम्बे हायच्या क्षेत्राचा शोध लावला आणि मे १९७६ मध्ये तेथे उत्पादनास आरंभ झाला. तेथील तेल समुद्रतळावरील नळाने रायगड जिल्ह्यातील उरण येथे येते. समुद्रातील फलाटावर जागेची टंचाई असते. पाणी सावकाश खाली बसण्यासाठी मोठमोठ्या टाक्या तेथे उभारता येत नाहीत. शिवाय खडकातील दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून या क्षेत्रात समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले. असे सोडलेले पाणी कालांतराने उत्पादक विहिरींपर्यंत पोहोचते. साहजिकच जुन्या क्षेत्रात तेल काढणे हा उद्योग उत्तरोत्तर पाणी हाताळण्याचा उद्योग होत जातो.

थेंब लहान का राहतात?

पाणी तेलापेक्षा जड आहे. मग ते आपोआप तळाशी का जात नाही? या प्रश्नाचे अर्धे उत्तर जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स याने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. द्रवातून खाली जाणाऱ्या सूक्ष्म थेंबाचा वेग हा त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या व दोन द्रवांच्या घनतांमधील फरकाच्या सम प्रमाणात आणि बाह्य द्रवाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, तेल व पाणी यांच्या घनतेतील फरक प्रति घनमीटर १५० किलोग्रॅम आहे आणि तेलाची श्यानता पाण्याच्या दसपट आहे. अशा तेलात १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराच्या शंभराव्या भागाइतक्या, व्यासाचा थेंब दिवसभरात सुमारे ७ सेंटिमीटर खाली उतरेल. दहा मीटर उंचीची टाकी पार करण्यास त्यास पावणेपाच महिने लागतील. तोच थेंब १०० मायक्रॉन व्यासाचा असता, तर तो दिवसाला ७ मीटर उतरला असता आणि दीड दिवसाच्या आत तळाशी पोहोचला असता. दसपट व्यासाचा एक थेंब होण्यास हजार लहान थेंब एकत्र यावे लागतात. म्हणजे सारा प्रश्न अखेर या एका गोष्टीवर येऊन ठेपतो, की थेंबांनी एकमेकांत मिसळावे कसे.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग येथूनच सुरू होतो. शुद्ध तेल व शुद्ध पाणी एकत्र ढवळले तर थेंब बनतात खरे, परंतु एकमेकांना भेटताच ते मिसळून जातात. खनिज तेल तसे शुद्ध नसते. त्यात अस्फाल्टीन नावाचे जड, बहुवलयी रेणू असतात. त्यांच्या जोडीला रेझिन म्हणजे राळेसारखी द्रव्ये, नॅफ्थेनिक आम्ले आणि मेणाचे स्फटिक असतात. खडकातील मातीचे कण आणि नळाच्या गंजातून येणारे लोहाचे सल्फाइड यांचीही त्यांत भर पडते. ही सर्व मंडळी तेल व पाणी यांच्या सीमेवर जमा होतात आणि थेंबाभोवती चिवट पटल निर्माण करतात. सूक्ष्म घनकण अशा रीतीने पायस स्थिर करतात, हे रॅम्स्डेन याने १९०३ मध्ये आणि पिकरिंग याने १९०७ मध्ये दाखवून दिले होते. प्रयोगशाळेत अशा एखाद्या थेंबातील पाणी बारीक नळीने परत शोषून घेतले, तर थेंब आक्रसताना त्याच्या पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. थंड होणाऱ्या दुधावरील साय बोटाने लोटावी तसे ते दृश्य असते. ही साय जितकी जुनी तितकी ती घट्ट. यामुळेच पायसावरील उपाय शक्य तितक्या लवकर, म्हणजे विहिरीच्या मुखाजवळच, करणे हिताचे ठरते. विहिरीतून वर येताना, अरुंद झडपांतून जाताना आणि पंपात घुसळले जाताना थेंब अधिकाधिक बारीक होतात. त्या वेळी द्रव्य तेलात असेल तर पटल पक्के होण्यास अवसरच मिळत नाही.

द्रव्य काय करते?

दोन थेंब एकमेकांजवळ येतात तेव्हा त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर अडकलेला असतो. तो थर बाजूस वाहून गेल्याखेरीज थेंब मिसळत नाहीत. वाहताना तो सीमेवरील पृष्ठक्रियाशील रेणूंना आपल्याबरोबर ओढतो. त्यामुळे मधल्या भागात त्यांची संख्या कमी होऊन तेथील पृष्ठताण वाढतो, आणि काठाकडील कमी ताणाच्या भागातून रेणू व त्यांना चिकटलेले तेल पुन्हा मध्याकडे खेचले जाते. बाहेर जाणारे तेल अशा रीतीने परत येते. पृष्ठताणातील असमानतेमुळे उद्भवणाऱ्या या प्रवाहास इटालियन शास्त्रज्ञ मारांगोनी याचे नाव दिले जाते. थेंबांभोवतीच्या पटलाची चिवटाई आणि हा परतीचा प्रवाह या दोहोंमुळे थेंब एकमेकांना टेकूनही अलग राहतात.

पायसभंजक द्रव्याचे रेणू या जागी तीन कामे करतात. पहिले, ते तेलातून झपाट्याने सीमेपर्यंत पोहोचतात. अस्फाल्टिनांहून अधिक पृष्ठक्रियाशील असल्याने त्यांना तेथून हुसकून लावतात, अथवा त्यांच्या सलग पटलात ठिकठिकाणी शिरून ते विस्कळीत करतात. दुसरे, थर वाहत असताना मध्यभागी जी रिकामी जागा पडते ती ते तत्काळ भरून काढतात. त्यामुळे ताणाची असमानता मिटते आणि परतीचा प्रवाह थांबतो. तिसरे, काही द्रव्यांचे लांब रेणू अनेक थेंबांना एकत्र गोळा करतात. याप्रमाणे थेंबांचा प्रथम पुंजका होतो, मग ते एकमेकांत मिसळतात आणि शेवटी मोठे झालेले थेंब खाली बसतात. या तीन अवस्था निराळ्या आहेत. एका अवस्थेस उत्तम असलेले द्रव्य दुसऱ्या अवस्थेस निरुपयोगी असू शकते. बाजारात मिळणारे पायसभंजक हे बहुधा दोन-चार घटकांचे मिश्रण का असते, याचे कारण यातच आहे.

द्रव्यांचा इतिहास

या द्रव्यांचा औद्योगिक इतिहास सुमारे एका शतकाचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील तेलक्षेत्रांसाठी फ्रेडरिक कॉट्रेल याने विद्युत्क्षेत्राच्या साहाय्याने पायस मोडण्याची रीत काढली व १९११ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सेंट लुई येथील विल्यम बार्निकेल याने रासायनिक उपायाचे पेटंट १९१४ मध्ये मिळवले, आणि त्यातूनच पुढे या द्रव्यांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. त्या व्यवसायातील मेल्विन डी ग्रूट या रसायनज्ञाच्या नावे नऊशेंहून अधिक पेटंटे नोंदली गेली. एका संकुचित भासणाऱ्या प्रश्नाला किती वाटा फुटतात, याचे हे गमक मानता येईल.

आरंभीची द्रव्ये साधी होती : साबण, नॅफ्थेनिक आम्लांचे क्षार आणि गंधकाम्लाची प्रक्रिया केलेली तेले. रंगारी ज्यास 'टर्की रेड ऑइल' म्हणत ते सल्फेटयुक्त एरंडेल याच वर्गातील होय. ही द्रव्ये तेलाच्या हजार भागांस एक भाग इतक्या प्रमाणात वापरावी लागत. यांमागचे तत्त्व विल्डर बँक्रॉफ्ट याने १९१३ मध्ये सांगितलेल्या नियमावरून समजते : पायसकारक ज्या द्रवात अधिक विरघळतो तो द्रव बाहेरचा, म्हणजे अखंड, राहतो. अस्फाल्टिने तेलाकडे झुकणारी असल्याने ती 'तेलातले पाणी' या प्रकारास आधार देतात. पाण्याकडे झुकणारा साबण त्यांच्याविरुद्ध ओढ निर्माण करतो. मात्र खाऱ्या व कठीण पाण्यात साबण फुटतो आणि त्याचे कॅल्शियमयुक्त रूप उलट 'तेलातले पाणी' यासच पोषक ठरते. म्हणून साबणाचा उपाय बेभरवशाचा होता.

पुढे इथिलीन ऑक्साइडापासून बनवलेली, विद्युत्भार नसलेली द्रव्ये आली. त्यांवर खाऱ्या पाण्याचा परिणाम कमी होतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथिलीन ऑक्साइड व प्रोपिलीन ऑक्साइड यांच्या तुकड्यातुकड्यांनी गुंफलेली बहुवारिके आणि अल्किलफिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेवर त्यांच्या साखळ्या जोडून केलेली द्रव्ये प्रचारात आली. या रेणूंत पाण्याची ओढ असलेला भाग इथिलीन ऑक्साइडाचा, तर तेलाची ओढ असलेला भाग प्रोपिलीन ऑक्साइडाचा व राळेचा असतो. साखळ्यांची लांबी बदलून या दोन ओढींचा तोल हवा तसा साधता येतो. ग्रिफिन याने १९४९ मध्ये हा तोल अंकांत मांडण्याची रीत सुचवली, तिचाही निवडीस काही अंशी उपयोग होतो. या द्रव्यांची मात्रा आता सामान्यतः दशलक्ष भागांस दहापासून शंभर भागांपर्यंत पुरते.

निवड आणि मात्रा

सर्व तेलांना चालेल असे एकच पायसभंजक अस्तित्वात नाही. बॉम्बे हायचे तेल हलके व मेणयुक्त. त्यात थंडीने मेणाचे स्फटिक धरतात, म्हणून तापमानास महत्त्व अधिक. उत्तर गुजरातेत मेहसाणा भागातील काही तेले जड व अतिशय श्यान. तेथे थेंब हलण्यासच जागा नसते. एकाच क्षेत्रातील दोन विहिरींच्या बाबतीतही द्रव्य बदलावे लागते. म्हणून निवडीची प्रमुख कसोटी अद्यापही बाटलीची परीक्षा हीच आहे. विहिरीच्या ताज्या पायसाने खुणा केलेल्या बाटल्या भरतात, प्रत्येकीत निराळे द्रव्य मोजून घालतात, ठरावीक वेळ हलवतात आणि ऊन पाण्यात ठेवून दर थोड्या वेळाने किती पाणी सुटले ते टिपतात. केवळ सुटलेल्या पाण्याचे आकारमान पाहणे पुरेसे नसते. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, दोन थरांमधील सीमारेषा स्पष्ट आहे की तिच्यावर लोळासारखा थर लोंबतो, आणि वरच्या तेलात अपकेंद्री यंत्राने अजून किती पाणी निघते, या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. पायस शिळे झाले की पटल बदलते. म्हणून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष विहिरीवर खरा ठरेलच असे नाही.

मात्रेच्या बाबतीत एक चूक वारंवार होण्याजोगी आहे. थोड्या द्रव्याने थोडे पाणी सुटले, तर अधिक द्रव्याने अधिक सुटेल असे वाटते. काही मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. परंतु ही द्रव्ये स्वतः पृष्ठक्रियाशील आहेत. सीमा भरून उरलेले रेणू नवे पायस निर्माण करू शकतात, आणि कित्येकदा ते उलट प्रकारचे, म्हणजे सुटलेल्या पाण्यात तेलाचे, असते. मग तेल कोरडे झाल्यासारखे दिसते. पण खालचे पाणी तेलाने गढूळ होते व ते समुद्रात अगर जमिनीत सोडण्याजोगे राहत नाही. ईशान्य अटलांटिकसाठीच्या ऑस्पार कराराच्या व्यवस्थेत अशा पाण्यातील तेलाची सरासरी मर्यादा प्रति लिटर ३० मिलिग्रॅम ठरवली आहे. इतके स्वच्छ पाणी मिळवणे हे तेल कोरडे करण्याहून सोपे नाही. शिवाय द्रव्याचा काही अंश पाण्याबरोबर जातो. नॉनिलफिनॉलापासून बनवलेल्या पृष्ठक्रियाशील द्रव्यांचे विघटन होताना नॉनिलफिनॉल मागे राहते व ते जलचरांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात ढवळाढवळ करते, असे दिसून आल्यावर युरोपीय संघाने २००३ मध्ये त्यांच्या वापरावर कडक निर्बंध घातले. नर्मदा व तापी यांच्या मुखांशी मासेमारी करून जगणाऱ्या वस्तीच्या दृष्टीने द्रव्याची मात्रा हा केवळ कारखान्याच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही.

शुद्धीकरण कारखान्यात हेच शास्त्र एका विरोधाभासी रूपाने दिसते. तेलातील उरलेसुरले मीठ काढण्यासाठी तेथे तेलात मुद्दाम थोडे गोडे पाणी मिसळतात, ते मीठ विरघळवून घेते, आणि मग उष्णता, विद्युत्क्षेत्र व पायसभंजक यांच्या संयुक्त साहाय्याने ते पाणी पुन्हा काढून घेतात. पाणी घालण्याची क्रिया जोरकस असावी लागते, कारण मीठ पाण्यास भेटले पाहिजे. पण ती अतिजोरकस झाली तर थेंब इतके बारीक होतात की काढता येत नाहीत. या दोन गरजांच्या मध्यबिंदूवर सारी क्रिया तोलून धरावी लागते.

'करणे' आणि 'होऊ देणे'

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. पायसभंजक द्रव्य पाणी वेगळे करीत नाही. पाणी वेगळे होते ते गुरुत्वाकर्षणाने. द्रव्य केवळ त्याच्या वाटेतील अडथळा दूर करते. मराठी क्रियापदांच्या रचनेत हा भेद फार नेटका व्यक्त होतो. 'वेगळे होणे' ही अकर्तृक घटना, 'वेगळे करणे' ही कर्त्याची कृती, आणि 'वेगळे होऊ देणे' ही अनुमती. या तिन्हींपैकी तिसरी रचनाच या द्रव्यास यथार्थपणे लागू पडते.

दुर्दैवाने आपल्या परिभाषेतील 'भंजक', 'कारक' हे उत्तरपद प्रत्येक द्रव्यास कर्त्याच्या आसनावर बसवते. 'विपायसीकारक' हा शब्द पाठ्यपुस्तकी काटेकोरपणाने बिनचूक आहे, पण उच्चारास जड आहे. 'पायसभंजक' सुटसुटीत आहे, मात्र त्यातून मोडतोडीचा ध्वनी निघतो. कारखान्यात 'डिमल्सिफायर' हाच शब्द चालतो, आणि मराठी कामगाराच्या कानास तो निरर्थक नाद असतो. यांपैकी कोणताही शब्द वर्ज्य करण्याचे कारण नाही. परंतु शब्दाने जो कर्ता सुचवला तो प्रत्यक्षात नाही, हे शिकवताना स्पष्ट केले पाहिजे. द्रव्यास कर्ता मानणारा माणूस पाणी सुटले नाही की मात्रा वाढवतो. द्रव्य केवळ वाट मोकळी करते असे जाणणारा माणूस प्रथम विचारतो, की थेंबांना एकमेकांना भेटण्याइतके ढवळणे मिळाले काय, खाली उतरण्याइतका अवधी मिळाला काय, आणि तेल पुरेसे ऊन आहे काय. या दोन माणसांच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी सारखे नसते.

पदव्युत्तर वर्गास हा भेद दाखवण्यासाठी तेलविहिरीची आवश्यकता नाही. शेंगदाण्याचे तेल व साबणाचे पाणी एका बाटलीत जोराने हलवल्यास 'पाण्यातले तेल' या प्रकारचे पांढरे पायस बनते. त्यात कॅल्शियम क्लोराइडाचा द्रव थोडाथोडा घालीत हलवत राहावे. साबणाचे कॅल्शियमयुक्त रूप बनत जाते तसतसे पायस अस्थिर होते, एका टप्प्यावर ते फुटू पाहते आणि पुढे गेल्यास 'तेलातले पाणी' या उलट प्रकाराकडे वळते. जे द्रव्य एका मात्रेस पायस मोडते तेच अधिक मात्रेस दुसरे पायस घडवते, हे विद्यार्थ्यास डोळ्यांनी दिसते. विंधनविहिरीच्या कठीण पाण्यात साबणाचा फेस का येत नाही, या घरगुती प्रश्नाशीही त्याचा दुवा जोडता येतो.

सारांश, पायसभंजक द्रव्याचे सामर्थ्य त्याच्या प्रमाणात नसून स्थानात आहे. लाख भाग तेलात पाच-दहा भाग इतके ते अल्प असते, परंतु जेथे तेल संपते व पाणी सुरू होते त्या रेणूभर जाडीच्या सीमेवर ते नेमके जाऊन बसते. त्या सीमेवर कोण आहे, कोणाला हटवावयाचे आहे आणि हटवल्यानंतर किती वेळ थांबावयाचे आहे, एवढे ज्यास कळले त्यास मात्रा ठरवता येते. ते न कळता ओतलेले द्रव्य तेलातील पाण्याचा प्रश्न सोडवीत नाही. त्याला पाण्यातील तेलाचे रूप देऊन नदीच्या मुखाशी नेऊन ठेवते.